गेटच्या आतले गुलाब

"फुलून झालं का?"

कात्री उघडायच्या आधी ते हे विचारत. झाडाला. कमरेत वाकून, मान जरा तिरकी करून, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस 'झोप लागली का' विचारतं त्या आवाजात. उत्तराची वाट पाहिल्यासारखे जरा थांबत. मग एक तर कापत, नाहीतर कात्री खिशात टाकून पुढच्या झाडाकडे जात.

नव्या माणसाचा यात गोंधळ व्हायचा. एकदा नुकताच कामाला लागलेला एक हेल्पर मुतारीतून बाहेर येत होता. दाराशीच तगरीचं झुडूप होतं आणि झुडपामागे हे वाकलेले. त्या बिचाऱ्याला नुसतं 'झालं का' एवढंच ऐकू आलं. तो दचकून जागीच उभा राहिला आणि म्हणाला, "झालं, साहेब." पुढे कितीतरी दिवस कॅंटीनमध्ये लोक त्या हेल्परची चौकशी याच शब्दांत करत होते.

त्यांचं नाव सांगत नाही. कारखान्यात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, आणि त्यावरून काही ओळख पटायची नाही, कारण आमच्या नाशकात रस्त्यावर पत्ता विचारतानाही समोरच्याला भाऊसाहेबच म्हणतात. ते आमच्या कारखान्याचे टाइमकीपर होते. सातपूरला औद्योगिक वसाहतीत आमचा पंप बनवायचा कारखाना होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा गेटला लागून असलेल्या टाइम ऑफिसात मला टेबल मिळालं. समोर भाऊसाहेब, बाजूला भिंतीवर कामगारांच्या कार्डांचे लाकडी कप्पे, आणि खिडकीबाहेर बाग.

बाग म्हणजे तुम्ही समजाल तसं काही नव्हतं. गेटपासून मुख्य इमारतीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुडपांची एकेक पट्टी. गुलाब, जास्वंद, मोगरा, तगर, दोन अनंत. पंपाच्या तेलाचा वास आणि मोगऱ्याचा वास एकत्र कसा लागतो हे सांगता येत नाही. त्या वासात मी साताठ वर्षं काढली.

बाग त्यांच्याकडे कशी आली ते मी येण्याआधीचं आहे, पण ते इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. कोणी बडे पाहुणे यायचे होते. साफसफाईच्या ठेकेदाराने माणूस पाठवला. त्याने कुंपण कापायची मोठी कात्री घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत झाडून सगळी झुडपं चेंडूसारखी गोल केली. अनंताच्या कळ्या तेव्हा टपोऱ्या झाल्या होत्या. त्या सगळ्या पाचोळ्याबरोबर ढिगात गेल्या. पाहुणे खूश झाले, मॅनेजर खूश झाले. भाऊसाहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "ही बाग माझ्याकडे द्या."

"मग टाइम कोण ठेवणार?"

"टाइम टाइमात ठेवीन. बाग जेवणाच्या सुट्टीत."

मॅनेजरचं त्यात काही जात नव्हतं. ते हो म्हणाले.

तेव्हापासून भाऊसाहेब डबा घाईघाईत संपवत, हात धुवत आणि ड्रॉवरमधून सिकेटर काढत. सिकेटर म्हणजे छाटणीची एका हातात मावणारी कात्री. द्राक्षाच्या गावांत हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. भाऊसाहेबांचे वडील पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांत छाटणीच्या टोळीत होते, आणि ही कात्री त्यांचीच. मुठीवरची मूळची लाकडी पट्टी झिजून गेली होती, तिथे सुतळी गुंडाळलेली होती.

मला झाडांतलं काही कळत नव्हतं. आमचं घर पंचवटीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एक तुळस होती, तीही आई बघायची. पण रोज खिडकीतून दिसतं म्हटल्यावर माणूस शिकतोच. आणि भाऊसाहेबांना बोलायला कोणी तरी लागायचं.

"बाई, टाइप नंतर करा. इकडे बघा."

मी बघायची.

"काही झाडं जुन्या लाकडावर फुलतात, काही नव्या फुटीवर. एवढं कळलं की अर्धी छाटणी आली."

अनंत जुन्या लाकडावरचा. त्याचा बहर ओसरला की लगेच कापायचं. मग त्याला नवी फूट काढून ती पिकवायला वेळ मिळतो आणि पुढच्या खेपेला तिच्यावर कळ्या धरतात. उशीर केला तर तुम्ही फांदी नाही, फुलं कापता. गुलाब आणि जास्वंद नव्या फुटीवरचे. त्यांना निर्धास्त कापायचं. पण गुलाब पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरात. पावसात कापलं तर जखमेत पाणी बसतं. मोगऱ्याला थंडीत पाणी तोडायचं, जानेवारी सरता सरता छाटायचं आणि मग पाणी सोडायचं. तो चवताळल्यासारखा फुटतो.

कापायचं कसं, तेही ते दर वेळी नव्याने सांगत. आधी मेलेलं काढा. मग रोगट. मग एकमेकींना घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक. कोणती? जी आत वळली आहे ती. झाडाच्या पोटात वारा खेळला पाहिजे. मग उरलेल्या फांदीवर डोळा शोधायचा. डोळा म्हणजे जिथून फूट येणार ती बारीकशी गाठ. बाहेरच्या अंगाला बघणारा डोळा हवा. त्याच्या जरा वर, तिरपा काप, म्हणजे पाणी डोळ्यावर न येता मागे ओघळून जातं. "आणि एका दमात कापायचं. चावत बसायचं नाही."

गुलाबाच्या बुंध्याशी, कलमाच्या खालून, कधी कधी एक फूट येते. सरळ, तजेलदार, बाकी झाडापेक्षा जोमाने वाढणारी. मला ती फार आवडली होती. भाऊसाहेबांनी ती मुळापासून ओढून काढली.

"अहो, केवढी छान होती!"

"रानटी आहे. सगळं खाते, फूल एक देत नाही." मग ऑफिसच्या इमारतीकडे बघून हळूच म्हणाले, "नावं घ्यायला लावू नका."

पण त्यांचं कधी चुकत नव्हतं असं नाही. एका वर्षी सप्टेंबरातच आभाळ मोकळं झालं. आठवडाभर कोरडं ऊन. भाऊसाहेबांना राहवलं नाही, त्यांनी सगळे गुलाब कापले. पाऊस परतला तो असा, की गोदावरीचं पाणी देवळांच्या पायऱ्यांवर चढलं. कापलेली टोकं काळी पडली आणि काळेपणा रोज थोडा थोडा खाली उतरत गेला. फिटर रंगनाथ, जो आमच्या युनियनचा सेक्रेटरीही होता, खिडकीशी येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, लय घाई झाली जणू."

"झाली."

"आता?"

"यंदाचं गेलं." ते उठले, चुना आणि मोरचूद कालवून प्रत्येक कापावर बोटाने लेप देत बसले. "झाड कुठं गेलंय?"

हे त्यांचं दुसरं वाक्य. यंदाचं गेलं. त्यात ना राग असे, ना हळहळ.

माझे वडील गेले त्या वर्षी ऑक्टोबरच होता. दिवस झाल्यावर मी कामावर आले. सगळ्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.  भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, जरा धरा." त्यांनी मला गुलाबाच्या वाफ्यात उभं केलं आणि एका जुन्या झाडाच्या काटेरी फांद्या फडक्याने बाजूला धरायला लावल्या. ते खाली बसून कापत होते. मी धरत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तो आठवडा असाच गेला. मला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, टाइपरायटरचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. फांदी धरायची म्हटलं की मात्र हाताला कळायचं काय करायचं ते.

एकदा मी विचारलं, "झाडाला दुखत असेल का हो?"

ते थांबले. खरंच विचार करत होते. "माहीत नाही," म्हणाले. "मी पुष्कळांना विचारलं. कोणी सांगितलं नाही."

त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी त्यांच्या घरी गेले होते. सातपूरच्याच एका वस्तीत दोन खोल्यांचं घर. दाराच्या दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र तगर. आत बुद्धाच्या मूर्तीपुढे त्याच तगरीची फुलं मांडलेली. त्यांच्या पत्नीने मला हात धरून बाहेर नेलं आणि झाडं दाखवली. "तुमच्या कारखान्यातली काटकं आहेत ही. कापलेलं टाकून देत नाहीत, पिशवीत घालून आणतात. घरात एक खिळा ठोका म्हटलं तर वर्ष लावतात."

"खिळा फुटत नाही," भाऊसाहेब मांडवातून म्हणाले.

मग टाळेबंदी झाली.

तिचं कारण सांगायला बसले तर तेच पान भरेल, आणि ज्यांनी नाशकात ती वर्षं पाहिली त्यांना ते नवीन नाही. पगारवाढीचा करार संपला होता, बोलणी फिसकटली, कामगारांनी काम हळू केलं, आणि एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं आली तर गेट बंद. गेटवर नोटीस. आत नवे वॉचमन. आम्हा ऑफिसच्या लोकांनाही आत घेतलं नाही. फक्त भाऊसाहेबांना मॅनेजरने बोलावून घेतलं. तुम्ही या, गेटवर बसा, तुमचा पगार चालू राहील.

ते बाहेर आले तेव्हा समोर रस्त्याच्या पलीकडे कामगारांनी ताडपत्रीचा मांडव घालायला घेतला होता. भाऊसाहेबांनी एका बांबूला हात दिला. रंगनाथने विचारलं, "काय म्हणला साहेब?"

"बसा म्हणाले."

"मग?"

"मग बसलोच की." आणि ते मांडवात सतरंजीवर बसले.

ते युनियनचे सभासद नव्हते. त्यांनी घोषणा दिल्याचं मला आठवत नाही. पण पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळी ते मांडवात हजर असत, आणि भोंगा वाजत नसे. मी आठवड्यातून एखाद्या वेळी जाऊन बसायची. घरात आई, धाकटा भाऊ. मी दुसरीकडे काम शोधत होते.

सुरुवातीला मांडव भरलेला असे. भाषणं होत, गाणी होत, कोणाच्या घरून भाकरी येत, कोणाच्या घरून ठेचा. उन्हाळ्यात आतला अनंत फुलला. वारा इकडचा असला की वास मांडवापर्यंत येई. बहर ओसरला, पाऊस लागला. छाटणीचे दिवस आले आणि निघून गेले. भाऊसाहेब गेटकडे तोंड करून बसलेले असत.

ऑक्टोबरात त्यांनी विषय काढला. मी तेव्हा तिथे होते. "रंगनाथ, गुलाब कापायला आलेत."

रंगनाथने त्यांच्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, आत पाऊल नाय टाकायचं. तुमी बागंला गेले हे आपल्याला कळतं. बाकीचे म्हणतील, फुटला."

"पाऊल नाही टाकत. कात्री टाकतो."

ते उठले आणि रस्ता ओलांडून गेटशी गेले. गजांमधून हात घालून त्यांनी अगदी कडेचा गुलाब ओढून कापायला घेतला. पण हात पोचून पोचणार किती! एक झाड झालं, दुसऱ्याचं अर्धं. आत वॉचमन उभा होता. मोठ्या मिशांचा, उत्तरेकडचा, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. त्याने हाकललं नाही. बराच वेळ बघत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "लाइए भाईसाब. किधर काटना है, बोलिए."

भाऊसाहेबांनी सिकेटर मुठीकडून त्याच्या हातात दिलं.

आणि मग जे झालं ते मी तरी पुन्हा कुठे पाहिलं नाही. वॉचमन आत वाफ्यात बसला. भाऊसाहेब बाहेरून गजांना धरून त्यांच्या हिंदीत सांगू लागले. "पहले मरा हुआ निकालो. हां. अब वो आंख देखो. अंदर वाली नहीं, बाहर वाली." वॉचमनला आंख सापडेना. मांडवातली माणसं एकेक करून गेटशी आली. टर्नर, मोल्डर, पॅकिंगवाले. इतकी वर्षं जाता येता भाऊसाहेबांची बडबड त्यांच्या कानावर पडलेली होती.

"तिरपा काप, तिरपा!"

"अरे, चावतोय काय त्याला! एका दमात!"

"ती खालची रानटी हाय, ती उपट आधी!" हे रंगनाथ. गजांत तोंड घालून ओरडत होता.

वॉचमन घामाघूम झाला. "एक आदमी बोलो!" तो म्हणाला, आणि सगळे हसले. इतक्या महिन्यांत तिथे कोणी असं हसलं नव्हतं. भाऊसाहेबही हसले. त्यांचे खालचे दोन दात नव्हते हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या वाफ्यापाशी काम आलं असताना मॅनेजरची गाडी आली. माणसं आपोआप बाजूला झाली. गाडी गेटशी थांबली. वॉचमन धावत आला, गेट उघडलं, सलाम ठोकला. सिकेटर त्याच्या हातातच होतं. मॅनेजरने काचेतून त्याच्याकडे पाहिलं, कापलेल्या वाफ्यांकडे पाहिलं, आणि गाडी आत गेली. 

दुसऱ्या दिवशी गेटवर दुसराच वॉचमन होता. भाऊसाहेबांनी त्याला कात्रीचं विचारलं. तो म्हणाला, मला काही माहीत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. रंगनाथ चिडला. "मी रातच्याला भिंतीवरून जातो आन् आणतो."

"राहू दे," भाऊसाहेब म्हणाले.

"तुमच्या बापाची हाय ती!"

"राहू दे म्हटलं ना."

ती कात्री त्यांना परत मिळाली नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला गुलाब फुलले. मी त्या कारखान्यात होते तेवढ्या वर्षांत गुलाब असे कधी फुलले नव्हते. लाल, गाजरी, एक पिवळट, वाफेच्या वाफे. गेटमधून सरळ दिसायचे. तोडायला आत कोणी नव्हतं, त्यामुळे फुलं झाडावरच उमलायची, झाडावरच सुकायची आणि पाकळ्या खाली पडायच्या. तोपर्यंत मांडवात थोडीच माणसं उरली होती.   मी भाऊसाहेबांना म्हटलं, "बघितलंत का, केवढे आलेत?" ते "हं" म्हणाले आणि शेजारच्याकडून माचिस मागून बिडी पेटवली. बिडी ते पूर्वी ओढत नसत.

टाळेबंदीत माणसाला काय होतं हे पुष्कळांनी सांगितलं आहे. उपास, आजारपणं, घरातली भांडणं. ते सगळं झालंच. पण मी पाहिलं ते वेगळं होतं. माणसं हळूहळू ऐकेनाशी झाली. बोललं तर मान हलवायची. वाईट बातमी आली तरी तशीच मान, बरी आली तरी तशीच. मी स्वतः तशी झाले होते. मोल्डिंग खात्यातल्या एका कामगाराने विहीर जवळ केली. आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात बसली होती. परतताना बसमध्ये मी विचार करत होते तो उद्या कोणती साडी नेसायची याचा. मला एका शाळेच्या ऑफिसात मुलाखतीला जायचं होतं.

ते काम मला मिळालं. रंगनाथने रिक्षा घेतली. कोणी मालेगावला यंत्रमागावर गेलं, कोणी विंचूरला कांद्याच्या खळ्यावर. मांडवाची ताडपत्री कोणी तरी नेली, बांबू राहिले. भाऊसाहेब एकटे येऊन बसतात असं कानावर यायचं. मग तेही येईनासे झाले असं कळलं.

पुढच्या थंडीत ते माझ्या शाळेत आले. शिपायाने सांगितलं, कोणी भेटायला आलंय. मी बाहेर आले तर व्हरांड्यात उभे. उन्हाने काळे पडलेले, अंगावर दुसऱ्या कोणाचा तरी वाटावा असा सैल शर्ट. मुलीकडे चाललो होतो, वाटेत शाळा लागली म्हणून आलो, म्हणाले. मी त्यांना आत माझ्या टेबलाशी बसवलं, चहा मागवला.

"काय चाललंय?"

"द्राक्षाची छाटणी धरली होती. पिंपळगावकडे. टोळीबरोबर."

पन्नाशी ओलांडलेला माणूस. मी विचारलं, "झेपतं का?"

"झेपतं. पहाटे टेम्पो नेतो, संध्याकाळी सोडतो." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याची वस्तू दाखवावी तसा मला दाखवला. अंगठ्याजवळ जाड घट्टे. "ही तीन बोटं बधिर झालीत. आधी मुंग्या यायच्या. झोपेतसुद्धा मूठ उघडायची मिटायची, बायको उठवायची. आता काही नाही."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवायचं काय? दुखत तर नाही." त्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला. "बरंय एका अर्थी. काटा लागला तर कळत नाही."

शाळेला मोठं आवार होतं, माळी नव्हता. मी मुख्याध्यापिकांशी बोलते असं म्हटलं. ते म्हणाले, बघू. मी खरंच बोलले आणि बाईंनी होकार दिला. त्यांना बोलावून घ्या, म्हणाल्या. मी निरोप पाठवला. ते आले नाहीत. पुन्हा पाठवला, तर घरून उत्तर आलं की विचार करून कळवतो म्हणाले आहेत.

त्यानंतर आमची भेट झाली ती एकदाच.

रंगनाथ रिक्षा घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. "बाई, चला. मशिनी चालल्या." शनिवार होता, शाळा सुटत आली होती. मी बसले.

कारखान्यासमोर पोलिसांची गाडी होती. जुनी माणसं होती, पण मोजकीच. रस्त्याच्या या बाजूला उभी. गेट सताड उघडं. आतून ट्रेलर येत होते आणि त्यांवर लेथ, ड्रिलिंग मशिनं, दोरखंडांनी बांधलेली. कोर्टातून परवानगी आणलेली होती म्हणे. कोणी दगड मारला नाही. कोणी घोषणाही दिली नाही. आपापलं मशीन आलं की तेवढा माणूस जरा पुढे सरकून बघायचा आणि पुन्हा मागे व्हायचा.

भाऊसाहेब त्यांच्यात होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान हलवली.

रस्ता ट्रेलरला अरुंद पडत होता, म्हणून दोन्ही बाजूंचे वाफे चाकांखाली घातले होते. गुलाब कुठे होते आणि जास्वंद कुठे, हे ओळखू येत नव्हतं. कुंपणावर एक बोगनवेल माजलेली होती, तिच्या फांद्या मशिनांच्या आड यायला लागल्या तेव्हा एका हमालाने कुऱ्हाडीने त्या सपासप तोडल्या आणि रस्त्यावर फेकल्या. मी भाऊसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिथे काही तरी दिसेल.

ट्रेलर गेले. पोलिस गेले. माणसं पांगायला लागली. रस्त्यावर बोगनवेलीच्या फांद्या पडल्या होत्या आणि पाळी सुटलेल्या दुसऱ्या कारखान्यांचे सायकलवाले येऊ लागले होते. भाऊसाहेब पुढे झाले आणि एकेक फांदी उचलून कडेला टाकू लागले. सायकली पंक्चर होतील म्हणून. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तुम्ही राहू द्या, काटे आहेत." सगळा रस्ता मोकळा करून ते आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातातून रक्त येत होतं. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला होता.

"भाऊसाहेब, रक्त येतंय."

त्यांनी हात वर करून पाहिला. "हो का?"

मी रुमाल दिला. त्यांनी तो हातावर ठेवला, बांधला नाही.

रंगनाथ त्यांना घरी सोडतो म्हणाला. ते म्हणाले, नको, शहरात काम आहे. काय काम ते सांगितलं नाही. आम्ही दोघं स्टॉपवर आलो. बस आली. बसायला जागा होती, पण ते दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टर आला.

"कुठलं?"

भाऊसाहेब त्याच्याकडे बघत राहिले.

"अहो काका, कुठलं देऊ?"

 विसरले होते असं नाही वाटलं. प्रश्न कळला होता आणि त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं एवढंच. मागची माणसं पुढे ढकलायला लागली.

"शालिमार," मी म्हटलं. "दोन द्या."

त्यांच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. मुलगी जावई भुसावळकडे बदलून गेले आणि भाऊसाहेबांना व त्यांच्या पत्नीला घेऊन गेले, असं मला पुढे रंगनाथकडून कळलं. तिकडचं काही कळलं नाही. ते हयात आहेत की नाहीत, तेही मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी शालिमारला आम्ही उतरलो. ते "बरं आहे बाई" म्हणाले आणि रस्ता ओलांडून फळांच्या गाड्यांमधून पलीकडे गेले. हातावर माझा रुमाल तसाच होता. पंचवटीची बस लागलेली होती. मी चढले, मला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि बस सुटेपर्यंत मी खिडकीबाहेर संत्री विकणाऱ्या बाईकडे बघत बसले. ती संत्र्यांची रास रचत होती. वरचं एक घसरायचं. ती ते उचलून पुन्हा वर ठेवायची.